तो आला की बॅगा भरा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला. गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडणारे वार्ताहर आता वाहिन्यांवर दिसू लागतील. ते दिसले की मला अमेरिकेतल्या ‘द वेदर चॅनल’ या हवामान वाहिनीचा वार्ताहर जिम कँटोरी आठवतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये मी मुलाकडे अटलांटाला होतो. त्याच्या वाहिनीचे मुख्यालय त्याच शहरात. २८ तारखेला ‘इयान’ चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्याने फ्लोरिडावर आदळले आणि हा ५८ वर्षांचा गृहस्थ पुंटा गोर्डा गावात भर रस्त्यावर उभा! उडत आलेली फांदी त्याला लागली, तो कोलमडला. मग धडपडत रस्त्यावरच्या पाटीचा खांब गाठला, तो घट्ट धरला आणि पुढे बोलू लागला. सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, कँटोरी आपल्या गावात दिसला की बॅगा भरायच्या, असं इथे म्हणतात.’’

लोकांना घरात बसा सांगायचे आणि स्वतः वाऱ्यात उभे राहायचे, हे मला पटत नाही. तिथेही त्यावर टीका होतेच. पण या माणसाने व्हरमाँटच्या लिंडन स्टेट कॉलेजात हवामानशास्त्र शिकून १९८६ मध्ये या वाहिनीत नोकरी धरली आणि ती सोडली नाही. २००५ मध्ये ‘कतरिना’ चक्रीवादळ आले तेव्हा तो मिसिसिपीच्या किनाऱ्यावर होता. आपल्याकडे २६ जुलै होऊन जेमतेम महिना झाला होता.

त्याची खरी हौस वेगळीच. हिमवर्षाव चालू असताना वीज कडाडणे ही दुर्मीळ गोष्ट. त्यात बर्फ आवाज गिळतो, म्हणून गडगडाट दूरवर पोहोचतच नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला तो तसा पुन्हा पुन्हा ऐकू आला, तेव्हा हा बाबा कॅमेऱ्यासमोर लहान पोरासारखा उड्या मारत होता. मुलाने मला ती चित्रफीत तीनदा दाखवली. नोकरीत तीस वर्षे होत आली तरी विजेचे एवढे अप्रूप!

आमच्याकडे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. आदल्या रात्री ज्या वाहिनीसमोर आम्ही डोळे लावून बसलो होतो, तिथे मुंबई, मुंबई आणि मुंबईच. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या पोफळी दोन तासांत आडव्या झाल्या. टीव्ही तोवर बंद पडला होता, म्हणा.

आजही ‘रायगडला रेड अलर्ट’ एवढीच पट्टी फिरते. रेड म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो, हे मला नातवाने सांगितले. रायगडात कुठे, पोलादपूरच्या घाटात की आमच्या किनाऱ्यावर? २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३, एकच मुंबई! हे समजावून सांगणारा, हवामान शिकलेला आणि त्याच विषयात मुरलेला मराठी चेहरा वाहिन्यांना का मिळू नये?

तोवर आपल्या दैनिकाने एवढे करावे. पावसाळ्याचे चार महिने रोज एक चौकट द्यावी : काल कुठल्या तालुक्यासाठी काय अंदाज होता आणि प्रत्यक्षात किती मिलिमीटर पडला. अंदाज चुकला असेल त्या दिवशीही छापा.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)