तिसऱ्या घंटेआधी बिनतारी दिवे दगा देतात तेव्हा

महोदय,

रंगमंचावरील दिव्यांचे नियंत्रण आता मोठ्या प्रमाणावर बिनतारी झाले आहे. केबल ओढण्याचे कष्ट वाचतात, विंगेत पायात तारा येत नाहीत आणि बॅटरीवरचा दिवा नटाच्या हातातील कंदिलातही बसवता येतो. हे फायदे खरे आहेत आणि मी स्वतः ही उपकरणे आनंदाने वापरतो. मात्र प्रयोगाच्या तोंडावर ही यंत्रणा बिघडली की जी धावपळ उडते, तिच्यात मूळ बिघाडापेक्षा घाईघाईच्या दुरुस्तीनेच जास्त नुकसान होते, असे प्रकाशयोजनेच्या कामात मला वारंवार दिसते. त्याविषयी नाट्यसंस्था, आयोजक आणि या कामात नव्याने आलेली मंडळी यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही साधने ज्या डीएमएक्स ५१२ पद्धतीवर चालतात, ती १९८६ साली डिमरसाठी, म्हणजे दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या उपकरणांसाठी, आखली गेली. एका जोडणीवरून ५१२ चॅनेलांची (तीव्रता, रंग अशा एकेका गुणासाठी एकेक चॅनेल) मूल्ये एका दमात आणि पुन्हा पुन्हा पाठवायची, एवढेच तिचे काम. बिनतारी ट्रान्समीटर हाच संदेश रेडिओलहरींवरून नेतो आणि रिसीव्हर तो पुन्हा केबलवर किंवा थेट दिव्यात उतरवतो. म्हणजे दिवा स्वतः ठीक असूनही पेटला नाही तर दोष एकतर रेडिओच्या दुव्यात असतो, नाहीतर त्या दुव्यावरून जाणाऱ्या संदेशात. पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. बहुतेक ट्रान्समीटर आणि रिसीव्हरवर जोडणी झाल्याची आणि संदेश मिळत असल्याची खूण वेगवेगळी दिसते. ती प्रत्येक कंपनीची निराळी असल्यामुळे तिचा अर्थ लिहिलेली चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी, कारण पडद्यामागच्या अंधारात माहितीपुस्तिका उघडायला कोणालाही सवड नसते. जोडणीची खूण ठीक असेल आणि तरीही दिवे हलत नसतील, तर अँटेना फिरवत बसण्यात अर्थ नाही. कन्सोलमधून (दिवे चालवण्याच्या नियंत्रण-टेबलातून) ट्रान्समीटरकडे येणारी छोटी केबल आणि कन्सोलवर निवडलेले युनिव्हर्स, म्हणजे ५१२ चॅनेलांचा संच, आधी पाहावे.

किती दिवे बंद आहेत, हेही बरेच काही सांगून जाते. सगळेच बंद असतील तर दोष कन्सोल किंवा ट्रान्समीटरपाशी असण्याची शक्यता मोठी. एकाच बाजूचे दिवे लुकलुकत असतील तर त्या दिशेला लोखंडी सांगाडा किंवा नेपथ्याचा धातूचा भाग आडवा आला आहे का, ते बघावे. एकच दिवा वेडावाकडा वागत असेल तर रेडिओला हात लावण्याआधी त्याची बॅटरी, अॅड्रेस (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) आणि मोड (तो किती चॅनेल वापरतो ते) तपासावा. आठ चॅनेलांच्या मोडमधील पहिला दिवा १ या अॅड्रेसवर आणि दुसरा ९ वर ठेवलेला असताना कोणी पहिल्याचा मोड बारा चॅनेलांचा केला, तर त्याचे शेवटचे चार चॅनेल दुसऱ्या दिव्याच्या मूल्यांवर चालू लागतात. रंग भलतेच येतात आणि दोष मात्र रेडिओवर ढकलला जातो.

घाईत सर्वांत घातक ठरते ती एकाच वेळी अनेकांनी केलेली खटपट. एकजण रिसीव्हरचे बटण दाबून त्याची जोडणी तोडतो, दुसरा ट्रान्समीटर बदलतो, तिसरा शिडीवर चढून अॅड्रेस बदलतो. मग दिवे लागले तरी कशामुळे लागले हे कळत नाही आणि नाही लागले तर आता एकाऐवजी तीन दोष शोधावे लागतात. म्हणून एका वेळी एकाच माणसाने एकच बदल करावा, परिणाम पाहावा आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घेऊन पुढे जावे. सर्वांत लवकर निकाल देणारी चाचणी म्हणजे संशयित दिव्याला केबलने थेट कन्सोलशी जोडणे. दिवा चालला तर दोष बिनतारी भागात, नाही चालला तर दिव्यात किंवा कन्सोलच्या मांडणीत. शोधाचे अर्धे क्षेत्र तिथेच कमी होते.

रिकाम्या सभागृहात नीट चाललेली यंत्रणा प्रेक्षक बसल्यावर अडखळू लागते, हा अनुभव या क्षेत्रातील पुष्कळांना आहे आणि त्यात गूढ काही नाही. यातील बरीच उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात, त्यामुळे शेकडो मोबाइल आत आले की गर्दी होते. शिवाय मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. ट्रान्समीटर टेबलाखाली किंवा खुर्च्यांच्या उंचीवर असेल तर माणसांची भिंतच मध्ये उभी राहते. तो प्रेक्षकांच्या डोक्यांवर, रिसीव्हरकडे सरळ दृष्टी पोहोचेल अशा जागी आणि वायफाय राउटरपासून दूर लावावा. दांडीसारख्या अँटेनाचे टोक रिसीव्हरवर रोखू नये, कारण लहरी तिच्या बाजूंनी पसरतात आणि टोकाच्या दिशेला सर्वांत क्षीण असतात. दोन्हीकडच्या अँटेना उभ्या असाव्यात. चांगली उपकरणे गर्दीची वारंवारता स्वतः टाळतात, स्वस्त डोंगलांकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

रेडिओच्या दुव्याइतकेच रिसीव्हरच्या पुढच्या, केबलने जोडलेल्या दिव्यांच्या साखळीकडेही लक्ष द्यावे. रिसीव्हरपासून निघालेल्या ओळीच्या शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (संदेश टोकावरून उलटा परतू नये म्हणून लावायचा रोधक) लागतोच. मधला टप्पा बिनतारी आहे म्हणून तो वगळता येत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. डीएमएक्समध्ये संदेश चुकला तर तो पकडण्याची सोय नाही आणि जिथे जीविताला धोका आहे तिथे ती पद्धत वापरू नये, असे तिचे मानकच बजावते. त्यामुळे आतषबाजी किंवा माणसांच्या डोक्यावरून हलणारे नेपथ्य या मार्गावर ठेवू नये, मग मार्ग तारेचा असो वा बिनतारी.

आयोजकांना विनंती आहे की, दिव्यांच्या तपासणीसाठी ठरलेला वेळ भाषणांच्या तालमीला किंवा सजावटीला देऊ नये, सभागृहातील आणि आपल्या चमूच्या मोबाइलमधील अनावश्यक हॉटस्पॉट प्रयोगाआधी बंद करवून घ्यावेत आणि सारी यंत्रणा बिनतारी असली तरी कन्सोलपासून रंगमंचापर्यंत एक तपासलेली डीएमएक्स केबल आधीच टाकून ठेवू द्यावी.

आपला,
एक प्रकाशयोजनाकार