जलतरण तलावांवर फिजिओथेरपिस्टची नेमणूक व्हावी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळी जलतरण शिबिरांची नावनोंदणी आता काही आठवड्यांवर आली आहे. मार्च संपत आला की बडोद्यातील तलावांवर गर्दी होऊ लागते आणि सुट्टी लागलेली मुले, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलेले ज्येष्ठ नागरिक आणि स्पर्धांची तयारी करणारे खेळाडू असे सगळेच एका पाण्यात उतरतात. तलावावर जीवरक्षक असतो, पाण्यात क्लोरीन टाकले जाते, प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय दाखला मागितला जातो. परंतु पोहून पोहून खांदा, गुडघा किंवा कंबर दुखू लागली तर ती कोणाला दाखवायची, याचे उत्तर तेथे मिळत नाही. या एका उणिवेकडे आपल्या पत्राद्वारे लक्ष वेधावे, म्हणून हे लिहीत आहे.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षे ती नियमित पोहते. गेल्या वर्षी एके सकाळी वेणी घालताना तिचा उजवा हात कानाच्या वर जाईना. खोदून विचारले तेव्हा कळले की खांदा दीड महिन्यापासून दुखत होता. तलावावर तिने सांगितलेही होते, पण ‘पाण्यात उतरलीस की मोकळा होईल’ एवढेच तिला ऐकवण्यात आले, आणि पहिल्या दहा-बारा लॅपनंतर (एक लॅप म्हणजे तलावाची एक लांबी) अंग तापले की दुखणे खरोखरच कमी वाटत असल्याने तिनेही ते मानले. त्यानंतर एका दवाखान्यात दहा दिवस यंत्राचा शेक घेतला. दुखणे थांबले, ती पुन्हा पाण्यात उतरली आणि चौथ्या दिवशी हात पुन्हा तेथेच अडकला.

शेवटी खेळाडूंवर उपचार करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे आम्ही गेलो. त्यांनी आधी खांद्याला हातच लावला नाही. रोज किती किलोमीटर पोहतेस, अंतर केव्हा वाढवले, पाणी जास्त रेटता यावे म्हणून पंजाला बांधायची चपटी पट्टी, म्हणजे पॅडल, केव्हापासून लावतेस, श्वास कोणत्या बाजूने घेतेस, असे प्रश्न त्या पंधरा मिनिटे विचारत होत्या. मग मुलीला भिंतीकडे तोंड करून उभे केले, दोन्ही खवाट्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, खालच्या टोकांवर पेनाने एकेक ठिपका काढला आणि हात सावकाश वर न्यायला सांगितले. डावा ठिपका हाताबरोबर बाहेरच्या बाजूला सरकत गेला. उजवा मात्र मध्येच अडखळला आणि ते हाड पाठीतून पंखासारखे वर आले. मुलीची वेणी मी रोज घालते, पण तिच्या पाठीतला हा फरक मला त्या दिवशी प्रथम दिसला.

या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ म्हणतात आणि हे नाव वैद्यकीय लिखाणात १९७४ पासून रूढ आहे. त्याचे कारण समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. पंचवीस मीटरच्या तलावात चार किलोमीटर म्हणजे १६० लॅप, आणि एका लॅपला एक हात नऊ वेळा मारला असे धरले तरी एका सकाळी एक खांदा १,४४० वेळा फिरतो. आठवड्याचे सहा दिवस धरल्यास हा आकडा साडेआठ हजारांच्या वर जातो. पाणी मागे रेटताना छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दंडाला सतत आतल्या बाजूला वळवतात. त्यामुळे ते बळकट होत जातात, आणि दंडाचे डोके खोबणीत नीट धरून ठेवणारे रोटेटर कफचे चार लहान स्नायू, विशेषतः दंड बाहेर वळवणारे, त्या मानाने मागे पडतात. खवाटा आधार देईनासा झाला की हात डोक्यावर नेताना त्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे त्यांना हाडाशी जोडणारे चिवट दोर, हाडांमध्ये पुन्हा पुन्हा चिमटल्या जाऊन सुजतात. शेक दिल्याने वेदना काही काळ शमते, पण कमकुवत स्नायू शेकाने बळकट होत नाहीत, आणि आमचे ते दहा दिवस का वाया गेले, हे मला तेव्हा उमगले.

ताईंनी दिलेला उपाय दिसायला अगदी साधा होता. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधायचा, कोपर बरगडीला चिकटवून मध्ये गुंडाळलेला नॅपकिन धरायचा आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूला वळवायचा. पहिल्या दिवशी पाचव्याच वेळी नॅपकिन खाली पडला, महिन्याभराने पंधरा वेळांच्या तीन फेऱ्या तो पडू न देता होऊ लागल्या. जोडीला खवाटा बरगड्यांवर घट्ट बसवणारे, भिंतीला रेटून करायचे व्यायाम होते. पोहणे पूर्ण बंद केले नव्हते. पॅडल बाजूला ठेवायचे, हात अंगालगत ठेवून उताणे होऊन नुसते पाय मारायचे आणि मग दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवायचे, असे ठरले. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. खांदा दुखत असलेल्या मुलांना विश्रांती म्हणून किकबोर्ड, म्हणजे हातात धरून नुसते पाय मारायची तरंगती फळी, देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, परंतु बोर्ड धरून हात पुढे ताणलेले राहिले की खांदा नेमक्या त्याच चिमटणाऱ्या स्थितीत अडकून पडतो. पोहण्याआधी जोडीदाराने दोन्ही हात मागून धरून ओढण्याचा प्रकारही असाच थांबवला पाहिजे, कारण जलतरणपटूंचे सांधे बहुधा आधीच सैल असतात आणि त्यांना अधिक ताणण्यापेक्षा सावरून धरणाऱ्या ताकदीची गरज असते.

पोहण्याच्या शैलीतील दोषही तेथेच सापडले. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी खाली जात होता, पंजा डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडत होता आणि श्वास केवळ उजवीकडून घेतला जात असल्याने अंग दोन्ही कुशींवर सारखे वळत नव्हते. हे सुधारणे प्रशिक्षकाचे काम आहे आणि ते त्यांनी नंतर मनापासून केले. पण त्यांना हे आधी कोणी सांगितलेच नव्हते. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक यांनी काठावर शेजारी उभे राहून एकाच मुलाचे पोहणे पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

ज्येष्ठांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. गुडघ्यांसाठी पोहायला आलेली अनेक मंडळी डोके सतत पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याची शैली, करतात. त्यात मान आणि कंबर मागे वाकून राहते, आणि पाय बाहेर वळवून झटका देताना गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर नेमका ताण येतो. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी पाण्यात उतरायचे, त्यालाच इजा व्हायची. अशांना कोणती शैली सोसेल, हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी पाहून सांगायला हवे.

या शहराला हा विचार परका नाही. दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांचा आखाडा आहे, आणि माणिकराव जसे व्यायामाचे गुरू होते तसेच हाडे आणि सांध्यांच्या दुखापतींवरील उपचारांसाठीही ख्यातनाम होते. अंग कमावण्याची आणि दुखावलेले अंग सावरण्याची विद्या आपल्या वाडवडिलांनी एका छपराखाली पाहिली आहे. आज शहरात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला रीतसर नियमनाखाली आणले आहे. आपल्याच राज्याच्या जलतरणपटू माना पटेल खांद्याच्या दुखापतीतून सावरून टोकियो ऑलिंपिकमध्ये पोहल्या, हेही आपण पाहिले आहे. तशी साथ तलावावर येणाऱ्या सामान्य मुलामुलींना का मिळू नये?

महानगरपालिकेला आणि तलाव चालवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, त्यांनी महाविद्यालयांशी बोलून आठवड्यातून दोन सकाळी एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्या देखरेखीखाली इंटर्नशिप करणारे विद्यार्थी प्रत्येक तलावावर उपलब्ध करून द्यावेत. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, एक टेबल, काही रबरी पट्टे आणि पडद्याआडची थोडी जागा पुरे. नावनोंदणीच्या अर्जात पूर्वीच्या दुखापतीचा एक रकाना असावा. पाण्यात उतरण्यापूर्वीची दहा मिनिटे पट्ट्याच्या व्यायामासाठी राखून ठेवावीत. आणि पोहून झाल्यावरही दुखणारा किंवा रात्री कुशीवर झोपू न देणारा खांदा असेल, तर त्या मुलाला दुसऱ्या दिवशी तपासणीशिवाय पाण्यात सोडू नये, अशी लेखी सूचना प्रशिक्षकांना द्यावी. शिबिरे एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा याबाबतचा निर्णय मार्चअखेरपर्यंत व्हावा.

आपली,
एक पालक,
दांडिया बाजार, बडोदे