चावडीजवळचा दगड

ब्रुसेल्स,
१ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही परवा रात्री फ्रान्सहून सुखरूप परत आलो. काल फोनवर बाबांनी काय काय पाहिले असे विचारले, तेव्हा मी "लिहून कळवते" एवढेच म्हणाले. जे पाहिले ते मला सावकाश लिहायचे होते, आणि बाबांकडे एक कामही मागायचे आहे, ते पत्राच्या शेवटी सांगते.

आमचा मुक्काम आरास नावाच्या शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या घरी होता. या नावाचा उच्चार आपल्या गणपतीपुढच्या आराशीसारखाच असल्यामुळे ते मुलांच्या तोंडी पहिल्याच दिवशी बसले. बाबा, तिथला भुईकोट तुम्हाला फार आवडला असता. चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार व्होबाँ याने तो १६६८ ते १६७२ या काळात बांधला. म्हणजे तिकडे १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड सर केला तेव्हा इकडे या तटाचे काम चालू होते. आपल्याकडे डोंगराचा कडाच निम्मा तट असतो. इथे मात्र सगळा मुलूख सपाट, त्यामुळे तोफेचा मारा समोरून सरळ बसू नये आणि प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचे रक्षण करता यावे, अशा बेताने टोकदार बुरूज चांदणीच्या आकारात मांडलेले आहेत. त्याच भुईकोटाच्या खंदकात दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी प्रतिकार चळवळीतल्या २१८ जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले बरेचसे आसपासच्या कोळशाच्या खाणींतले कामगार होते. भिंतीवर त्यांच्या नावांच्या पाट्या ओळीने लावल्या आहेत. तिथून निघाल्यावर बराच वेळ आम्ही कोणी काही बोललो नाही.

आरासच्या पोटात चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैनिकांनी त्या भुयारांनी जोडल्या, आणि ९ एप्रिल १९१७ च्या चढाईआधी सुमारे २४,००० माणसे तिथे जमिनीखाली दडून राहिली होती. मुलांना हे सर्वांत आवडले. मला स्वतःला वीस मीटर खाली गेल्यावर वर केव्हा येते असे झाले होते.

पण मला खरे लिहायचे आहे ते नव्ह-शापेलविषयी. आरासच्या उत्तरेला तासाभराच्या आतल्या अंतरावर हे लहानसे गाव आहे. वाटेत दोन्ही बाजूंना साखरेच्या बीटाची काढणी चालू होती आणि रस्त्याच्या कडेला चिखलाने माखलेल्या बीटाचे घरापेक्षा उंच ढीग कारखान्याच्या गाड्यांची वाट पाहत पडले होते. आपल्या गावाकडे याच सुमारास उसाच्या गळिताची तयारी चालू होते, त्यामुळे मला क्षणभर ओळखीच्या रस्त्यावरून चालल्यासारखे वाटले. आमचे घरमालक सांगत होते की नांगरटीत अजूनही तोफगोळे वर येतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात, सरकारला कळवतात आणि मग निकामी करणारे पथक येऊन ते घेऊन जाते. बाबांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षे काढली आहेत, तेव्हा शंभर वर्षांच्या गोळ्यालाही हात का लावायचा नाही हे मी मुलांना तुमच्याच शब्दांत समजावले.

आम्ही मुद्दाम २८ ऑक्टोबरलाच तिथे गेलो. १९१४ मध्ये त्याच दिवशी जर्मनांच्या ताब्यातले हे गाव परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांना पाठवले होते, आणि बाबा, या दोन्ही कंपन्या खडकीच्या होत्या. आपण ज्यांना बीईजी, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणतो, ज्यांच्या भिंतीवरून मी दहा वर्षे शाळेत गेले, त्यांच्याच त्या वेळच्या. या लोकांचे काम पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे. पण आघाडीवर माणसे इतकी अपुरी होती की त्या दिवशी त्यांना पायदळासारखे चढाईवर पाठवण्यात आले. घराघरांतून आणि गल्ल्यांतून संगिनींनी लढत ते गावाच्या मध्यापर्यंत पोचले, परंतु मागून कुमक न आल्यामुळे उलट हल्ल्यापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. महिन्याभरापूर्वीच ही माणसे मार्सेयच्या बंदरात उतरली होती, अंगावर आपल्या हवेला पुरेल असे सुती कपडे होते आणि पुढे फ्लँडर्सचा हिवाळा होता. हातबॉम्ब पुरेसे नव्हते म्हणून जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून, वात लावून ते बॉम्ब करत असत.

पुढच्या मार्चमध्ये, १० ते १३ तारखांना, तिथेच मोठी लढाई झाली. पहिल्या दिवशी सकाळी ३५ मिनिटे तोफांचा भडिमार झाला आणि गाव हाती आले, पण तीन दिवसांनी हिशोब केला तेव्हा रेषा जेमतेम दोन किलोमीटर पुढे सरकली होती. त्यासाठी मेलेल्या आणि जखमी झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांची संख्या चार हजारांवर होती. गढवाल रायफल्सचा गब्बर सिंह नेगी पहिल्याच दिवशी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे वय तेव्हा वीसही पूर्ण नव्हते.

या हिंदुस्थानी सैनिकांचे स्मारक गावाबाहेरच्या चौकात आहे. हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदाने ते रचले आणि १९२७ मध्ये त्याचे अनावरण झाले. चहूबाजूंनी मोकळी शेते आणि मधेच एक गोल आवार. त्याच्या अर्ध्या भागाला आपल्याकडच्या वाड्यांसारखी दगडी जाळी, दोन टोकांना दोन छत्र्या, आणि मधोमध सुमारे पंधरा मीटर उंचीचा कमळशीर्ष खांब, ज्याच्या पायथ्याशी दोन दगडी वाघ बसलेले आहेत. तो खांब अशोकस्तंभावरून सुचला असे म्हणतात. मला मात्र बीटाच्या शेतांमधून तो पहिल्यांदा दिसला तेव्हा देवळापुढची दीपमाळच वाटली. समोरच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. पलटणीनुसार रचना असल्यामुळे सॅपर्सची नावे शोधायला वेळ लागला नाही. रोमन लिपीत, इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली ती नावे मी मोठ्याने वाचू लागले, आणि वाचता वाचता काही नावे आपल्या मुलखातली वाटली, कारण तोंडातून उच्चारल्यावर ती आपोआप मराठी वळणावर येत होती. धाकटा विचारत होता की ही माणसे आपल्या ओळखीची आहेत का. मी त्याला नाही म्हणाले, पण ते उत्तर मला पटले नाही.

आई, तू तिथे असतीस तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास की त्यांचे दिवस कोणी केले. मी तुला जे ठाऊक आहे ते सांगते. जखमी होऊन इंग्लंडच्या रुग्णालयांत गेलेल्यांपैकी जे वाचले नाहीत, त्यांच्यातल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर रीतीप्रमाणे झाले आणि तिथे आज एक पांढरी छत्री उभी आहे. परंतु नव्ह-शापेलच्या भिंतीवर ज्यांची नावे आहेत त्यांना थडगे नाही. कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. मला विधी येत नाही आणि मंत्रही येत नाहीत. जवळच्या बाटलीतले पाणी ओंजळीत घेऊन मी भिंतीच्या पायाशी सोडले आणि तुझी आठवण काढली. चुकले असेल तर सांग.

मग मला खडकीची ती युद्धात मेलेल्या सैनिकांची दफनभूमी आठवली. रविवारी बाबा आम्हा दोघांना सायकलवरून तिकडे न्यायचे, तेव्हा आम्ही त्या हिरवळीवर पळू लागलो की ते दटावायचे, "ही कोणाची तरी मुले आहेत, इथे आवाज करायचा नाही." इंग्लंडकडच्या आईबापांची ती मुले आपल्या पुण्यात आहेत आणि आपल्या खडकीहून गेलेली माणसे इथल्या भिंतीवर आहेत, आणि दोन्ही ठिकाणची निगा राखणारी संस्था एकच आहे. तुम्ही तेव्हा आम्हाला गप्प केलेत ते किती योग्य होते, हे मला त्या भिंतीपुढे उभे राहून समजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर गेलो. २०१४ मध्ये तिथे एक मोठे लंबवर्तुळाकार कडे उभारले आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला उत्तर फ्रान्सच्या या भागात मेलेल्या सुमारे ५ लाख ८० हजार सैनिकांची नावे वर्णानुक्रमाने लिहिली आहेत. हुद्दा नाही, देश नाही, शत्रू-मित्र असा भेद नाही. जर्मन नावाखाली इंग्रज नाव, त्याखाली फ्रेंच. सिंग या नावाच्या तर ओळीच्या ओळी आहेत.

आता बाबा, तुमच्याकडचे काम. आपल्या गावच्या चावडीजवळ तो दगड आहे, ज्यावर इंग्रजीत लिहिले आहे की या गावातून इतके पुरुष १९१४-१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांतले इतके कामी आले. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून चिंचा खायचो. आकडे मला आठवत नाहीत, पण नावे नाहीत एवढे पक्के आठवते. नव्ह-शापेलच्या भिंतीजवळ जी नोंदवही आहे तिच्यात काही नावांपुढे बापाचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव, तालुका, जिल्हाही दिलेला आहे. मी सॅपर्सची पाने पाहायला घेतली होती, पण अंधार पडू लागला आणि मुले थंडीने कुडकुडत होती, त्यामुळे ते अपुरे राहिले. या नोंदी संगणकावरही पाहता येतात. आपल्याकडची पुष्कळ माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली हे मला माहीत आहे, तेव्हा ती या भिंतीवर नसतील तर बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत असू शकतील, तीही मी पाहणार आहे.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तो दगड पाण्याने धुऊन दोन्ही आकडे नीट वाचून घ्या आणि फोटो पाठवा. अण्णाकाकांना विचारा की गावात कोणत्या घरातून माणसे गेली होती आणि कोणाकडे जुने बिल्ले किंवा पेन्शनचे कागद आहेत का. जे नाव मिळेल ते जसे गावात उच्चारतात तसे देवनागरीत लिहून पाठवा. इंग्रजी अक्षरांशी जुळवायचे काम मी करीन. घाई नाही, पण अण्णाकाकांचे वय पाहता फार उशीरही नको.

आई, गुडघ्याला तेल लावणे चालू ठेव आणि जिना दिवसातून एकदाच चढ. मुलांनी दगडी वाघाचे चित्र काढले आहे, ते सोबत पाठवत आहे.

तुमची,
मनू