गाववाल्यांच्या खोलीतले जॉर्ज आणि लेनी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कादंबऱ्यांवरून निघणाऱ्या नाटक-सिनेमांवर लेख होता, तो वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लेखकाचं म्हणणं असं की पुस्तकावरून केलेली गोष्ट कितीही चांगली जमली तरी ती उसनीच, मूळ ते मूळ. आणि उदाहरण दिलंय अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकचं. तिथेच मला राहवलं नाही, कारण हा माणूस स्वतःच रंगमंच डोळ्यासमोर ठेवून कादंबरी लिहीत होता.

'ऑफ माइस अँड मेन' १९३७ च्या सुरुवातीला आली. जॉर्ज आणि लेनी या दोन भटक्या शेतमजुरांची छोटीशी कादंबरी, सहा प्रकरणं, जागा मोजून चार, नदीकाठ, मजुरांची झोपायची खोली, तबेल्यात काम करणाऱ्याची कोठी आणि गवताचं कोठार. प्रत्येक प्रकरण एका जागेचं वर्णन करून सुरू होतं, मग माणसं आत येतात, बोलतात, निघून जातात, म्हणजे सरळ नाटकाचा प्रवेशच. त्याने ते मुद्दाम केलं होतं, कारण ज्या शेतमजुरांबद्दल लिहितोय ते पुस्तकं विकत घेऊन वाचणारे नाहीत, नाटक मात्र बघतील असं त्याला वाटायचं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कामगार नाटक मंडळीने पुस्तकातूनच थेट प्रयोग केला, मग नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, जॉर्ज कॉफमनचं दिग्दर्शन, दोनशेच्या वर प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचं त्या मोसमातलं बक्षीस पण मिळालं. आता यात मूळ कुठलं आणि उसनं कुठलं, सांगा.

मी पुस्तक कॉलेजात वाचलं होतं पण मला ते खरं कळलं ते सिनेमा बघताना, तेही बाबांच्या शेजारी बसून. १९९२ चा सिनेमा, गॅरी सिनीझ जॉर्ज झालाय आणि दिग्दर्शनही त्याचंच, लेनी जॉन माल्कोविच. हे दोघं शिकागोच्या स्टेपेनवुल्फ नावाच्या नाटक मंडळीतले, आधी स्टेजवर पण याच भूमिका केलेल्या. बाबांना इंग्लिश फारसं येत नाही म्हणून मी मधेमधे थांबवून सांगत होते. दोन मजूर, एक हुशार, एक अंगाने आडदांड पण डोक्याने लहान मूल, कामासाठी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर भटकतात आणि दोघांचं एकच स्वप्न, थोडे पैसे साठवायचे आणि स्वतःची जमीन घ्यायची, तिथे ससे पाळायचे. तेवढं ऐकल्यावर बाबा म्हणाले, थांब थांब, हे आमच्या खोलीतलं आहे.

बाबा सतराव्या वर्षी चिपळूणकडून लालबागला आले, बदली कामगार म्हणून कापड गिरणीच्या साचेखात्यात लागले. गाववाल्यांच्या एका खोलीत अठरा जण, पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात पाळीवाला त्याच्या जागी झोपणार, प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत. आणि रात्री कंदिलासारखी एकच गोष्ट मधे ठेवून सगळे बोलायचे, पैसे साठले की गावाला विहीर पाडायची, दोन म्हशी घ्यायच्या. बारा-पंधरा वर्षं तेच बोलणं. मग १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, खोलीतले निम्मे गावी गेले ते परत आलेच नाहीत. गेले तेही विहीर पाडायला नाही गेले.

सिनेमात कँडी नावाच्या म्हाताऱ्या मजुराच्या कुत्र्याला गोळी घालायला बाहेर नेतात तो सीन आहे. कुत्रा म्हातारा झालाय, वास येतो, उपयोगाचा नाही म्हणून. सगळे खोलीत गप्प बसलेत, कोणीतरी उगाच पत्ते हातात घेतो, कोणी काहीतरी विषय काढतो, आणि सगळे बाहेरच्या आवाजाची वाट बघतायत. बाबा उठून गॅलरीत गेले. आले तेव्हा एवढंच म्हणाले की माणसाला पण असंच काढतात. पुस्तकात हा सीन मी एका दमात वाचून गेले होते हो, ती शांतता किती लांब असते ते मला बाकीच्यांच्या तोंडाकडे बघतानाच कळलं. हे नट आणि दिग्दर्शकाने दिलेलं आहे, आणि ते दुय्यम आहे असं मी मानणार नाही.

तरी तुमच्या लेखकाच्या रागात काही खरं आहे तेही लिहिते. त्याचीच 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ ची. तिची सुरुवात वर्तमानपत्रातली हे मला फार महत्त्वाचं वाटतं, १९३६ मध्ये स्टाइनबेकने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरसाठी स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्या फिरून सात लेख लिहिले होते, त्यातून पुढे हे सगळं उभं राहिलं. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमीन गेल्यावर मोडक्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाला निघतं, तिथे काम नाही, मजुरी पाडलेली, पोरं उपाशी. पुढच्याच वर्षी जॉन फोर्डचा सिनेमा आला, हेन्री फोंडा त्यात, दिग्दर्शकाला आणि आईचं काम करणाऱ्या जेन डार्वेलला ऑस्कर. सिनेमा फार मोठा आहे पण शेवट बदललाय. कादंबरीत सरकारी छावणीतले बरे दिवस आधी येतात आणि मग सगळं खाली खाली जात राहतं, अगदी शेवटी पुरात अडकलेली, मेलेलं मूल जन्माला घातलेली जोडांची मुलगी एका उपाशी अनोळखी माणसाला अंगावरचं दूध पाजते. सिनेमात क्रमच फिरवला, छावणी नंतर आणली, आणि आईच्या आशेच्या बोलण्यावर संपवलं. त्या काळात पडद्यावर ते दूध पाजणं दाखवता आलंच नसतं हे मान्य, पण प्रेक्षक घरी जाताना हलका झाला. मग जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच स्टेपेनवुल्फने फ्रँक गलातीच्या रूपांतरात हे स्टेजवर आणलं, स्टेजवर खरी गाडी, खरं पाणी, वरून खरा पाऊस, आणि शेवट पुस्तकातलाच ठेवला. १९९० ला ब्रॉडवेवर सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी पारितोषिक मिळालं. म्हणजे सिनेमाने सोडलेलं नाटकाने परत आणलं. माझ्या मते विचारायचं तर हेच विचारा की जे दुखतं ते ठेवलंय की काढून टाकलंय. स्वतः स्टाइनबेकला पण तेच लागायचं, हिचकॉकच्या 'लाइफबोट' सिनेमाची मूळ कथा त्याची, पण त्यातल्या कृष्णवर्णीय माणसाचं पात्र ज्या पद्धतीने उथळ केलं ते बघून त्याने आपलं नावच काढा म्हणून कळवलं होतं.

आपल्याकडे पण बघा ना. जयंत पवारांचं 'अधांतर' एका चाळीतल्या खोलीत घडतं, संप दाराबाहेर आहे आणि घरातला प्रत्येक जण त्याच्यामुळे आतून तुटतोय. त्यावरून २०१० ला 'लालबाग परळ' आला, त्यात सगळं बाहेर काढून दाखवलं, गोळ्या, रक्त सगळं. मी दोन्ही बघितलंय, घरी येऊन झोप नाही लागली ती नाटकाने. उलट 'नटरंग' घ्या, आनंद यादवांची कादंबरी, सिनेमात गाणी आली, रंग आला, तरी नायक गुणाची लाज आणि हट्ट शाबूत राहिला.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते आता. अण्णाभाऊ साठे १९३१ च्या सुमाराला वाटेगावहून घरच्यांबरोबर चालत मुंबईला आले. जोड कुटुंबाकडे निदान गाडी तरी होती. पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी 'फकिरा' लिहिली, १९६३ ला त्यावर सिनेमा निघाला. कम्युनिस्ट चळवळीच्या लाल बावटा कलापथकात त्यांनी जे केलं ते हेच तर होतं, न वाचणाऱ्या माणसापर्यंत गोष्ट स्टेजवरून पोचवायची. मग ज्या शहरात ते चालत आले तिथल्या मोठ्या थिएटरात, चांगल्या सेटसकट, चांगल्या नटांना घेऊन, त्यांच्या कादंबऱ्या मला का बघायला मिळत नाहीत? एकांकिका स्पर्धांत पोरं करतात, जीव तोडून करतात, पण चाळीस मिनिटांत आणि एका रात्रीपुरतं.

त्या पोरांबद्दल एक सांगायचंय. आमच्या इथल्या एका ग्रुपला 'ऑफ माइस अँड मेन' गिरणगावात आणून मराठीत करायचंय, जॉर्ज आणि लेनी गाववाल्यांच्या खोलीत. कोणीतरी त्यांना सांगितलं की जुनं पुस्तक आहे, नाव न देता करा. तसं करू नका रे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, स्टाइनबेक १९६८ च्या डिसेंबरमध्ये गेला म्हणजे २०२८ संपेपर्यंत परवानगी लागणार. तिकीट लावा नाहीतर लावू नका, आधी पत्र लिहा, आणि जाहिरातीत मूळ लेखकाचं नाव रूपांतरकाराच्या नावाइतकंच मोठं छापा. तुमच्या पेपरनेही नाट्यपरीक्षणात दोन्ही नावं द्यावीत, कितीदा फक्त नटांची येतात.

बाबांची त्या खोलीतली लोखंडी ट्रंक अजून आमच्या पोटमाळ्यावर आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेलं. मुलांना नाटक करायची परवानगी मिळाली तर ती स्टेजवर ठेवायला द्यायची असं बाबांनी परवाच सांगितलंय, कुलूप मात्र नवीन लागेल.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई