बाटलीत कधी भरली तेवढं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सीझनल वाइनवर पानभर लेख आला होता, फोटो मस्त, मांडणी मस्त, पण वाचता वाचता दोनदा पेपर खाली ठेवावा लागला. लेखात म्हटलंय की वायनरीवाले उन्हाळा जवळ आला की हलकी व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, "बनवायला घेतात" आणि थंडी आली की जड रेडकडे वळतात. अहो बनवायला घेतात म्हणजे काय, द्राक्षं काय नळाला येतात का, की तोटी फिरवली आणि पाहिजे तेव्हा भरून घेतली?

मी काही मोठा जाणकार नाही. तरुणपणी एका वायनरीत लागोपाठ तीन हंगाम तोडणीचं आणि सेलरमधलं, म्हणजे वाइन आंबवतात-मुरवतात तिथलं, काम केलंय, टाक्या आतून घासल्यात, महिना महिना नखं जांभळी राहिलीत, एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्या जोरावर लिहितोय, जमलं तर छापा, लांबलं तर कात्री लावा.

पहिली गोष्ट म्हणजे वाइनच्या द्राक्षाचं पीक बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच येतं. उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे दुकानात "समर" म्हणून मांडलेली आणि "विंटर" म्हणून मांडलेली, दोन्ही बाटल्या त्याच चार-सहा आठवड्यांच्या धावपळीतून आलेल्या असतात. फरक पडतो तो कुठली द्राक्षं कुठल्या दिवशी तोडली, सालीसोबत रस किती वेळ ठेवला आणि नंतर किती थांबलो यात. कोणती वाइन कोणत्या महिन्यात प्यायला तयार होणार हे बरंचसं त्या आठवड्यांतच ठरून जातं, आणि ते ठरवणारा माणूस तेव्हा झोपेने अर्धमेला झालेला असतो.

तोडणीचा दिवस ठरवणं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. द्राक्ष पिकतं तसतशी साखर वर जाते आणि आंबटपणा खाली येतो. रोज सकाळी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून मणी गोळा करायचे, चुरडायचे, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघायचा. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठी, १८-२० ब्रिक्सलाच तोडतात कारण तिथे आंबटपणा जपायचा असतो, रेडसाठी २४ च्या आसपास जाऊ देतात. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, तेव्हा चार दिवस उशीर म्हणजे नुसती गोडी वाढली असं नाही, वाइनचा सगळा तोलच बदलतो. आणि यंत्राचा आकडा बरोबर आला म्हणून कोणी लगेच तोडत नाही हां. आमचे सेलरमास्तर मणी तोंडात टाकायचे, बी दाताखाली फोडून बघायचे, बी हिरवट आणि मऊ असेल तर थुंकायचे आणि म्हणायचे "अजून नाही". आकाशात ढग जमलेले असायचे, आम्ही सगळे टेन्शनमध्ये, आणि हा माणूस बिया चावत उभा.

आता तुमच्या लेखातली रोझे घ्या, जी म्हणे "रेड आणि व्हाइट मिसळून झटपट" करतात. साध्या टेबल वाइनला युरोपात ही मिसळ चालत नाही, तिथे मुद्दाम परवानगी आहे ती मुख्यतः शॅम्पेनच्या रोझेला. बाकी बहुतेक ठिकाणी काळी द्राक्षं घेऊन त्यांच्या सालीतून रंग थोडासाच उतरू द्यायचा आणि रस वेळेवर बाजूला काढायचा असा खेळ असतो. तो वेळ म्हणजे काही तास. आमच्याकडे रात्री दोन वाजता, दर अर्ध्या तासाने, टाकीतून वाटीभर रस काढून पांढऱ्या ताटलीत ओतायचे आणि दिव्याखाली रंग बघायचे. मला पहिल्या वर्षी वाटलं की रंग जरा जास्तच गडद होतोय, थांबवा म्हणून सांगायला धावलो तर मास्तर हसले, कारण आंबताना रंग उतरतो, आत्ता मनासारखा दिसणारा गुलाबी महिनाभराने पाण्यासारखा दिसेल. म्हणजे हवा त्यापेक्षा गडद असतानाच काढायचा, पण किती गडद हे कुठल्या चार्टवर लिहिलेलं नसतं. उन्हाळ्यात जी बाटली लोक "हलकीफुलकी" म्हणून उघडतात तिच्यासाठी आदल्या हंगामात कोणीतरी रात्रभर ताटली बघत बसलेलं असतं.

व्हाइटचं वेगळंच. तिथे रस सालीपासून लगेच सोडवायचा आणि टाकी थंड ठेवायची, १२ ते १६ डिग्रीच्या आसपास, म्हणजे यीस्ट सावकाश चालतं आणि फळाफुलांचा वास उडून जात नाही. रेड मात्र २५ ते ३० डिग्रीला उकळल्यासारखी खदखदते, साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो आणि तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो नाहीतर वर वाळतो आणि आंबूस वास धरतो. हे काम वाचायला रोमँटिक वाटतं, करताना खांदे निखळतात. शिवाय रस आंबताना स्वतःच्या आकारमानाच्या ४० पटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो हवेपेक्षा जड, खाली साठतो. पूर्वी मेणबत्ती घेऊन सेलरमध्ये उतरायचे, विझली की बाहेर, पण ज्योत विझेपर्यंत माणसाला धोका झालेला असू शकतो म्हणून आता गॅस मीटर लावतात. लेखात ओकच्या पिंपांचे एवढे फोटो होते, त्यात एक मीटरचा असता तर बरं झालं असतं.

आता सीझनल वाइन असं काही नसतंच असं माझं म्हणणं नाही. असतात, आणि त्या खऱ्या अर्थाने सीझनल असतात. फ्रान्समधली बोजोले नुव्हो घ्या. गॅमे नावाची द्राक्षं हाताने तोडायची, घडच्या घड न चुरडता बंद टाकीत टाकायचे, टाकी कार्बन डायऑक्साइडने भरलेली, मग आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. त्यामुळे तुरटपणा कमी, रंग चमकदार, कधी कधी चक्क केळ्यासारखा वास. तोडणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाटली बाजारात. विक्री नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी सुरू होते, आधी ठरलेली तारीख १५ नोव्हेंबर होती, १९८५ पासून गुरुवार केला म्हणजे वीकेंड जोडून मिळतो. हे मार्केटिंगच आहे, इथे तुमच्या लेखकाशी मी शंभर टक्के सहमत. पण टाकीत जे होतं ते मार्केटिंग नाही.

त्याहून कच्ची म्हणजे जर्मनीतली फेडरवाइसर, ऑस्ट्रियात तिला श्टुर्म म्हणतात. ती तर आंबत असतानाच विकतात, गढूळ, गोडसर, फसफसणारी, बुच घट्ट लावताच येत नाही कारण आत गॅस बनतच असतो, बाटली आडवी ठेवली तर पिशवी भिजलीच म्हणून समजा. आज गोड लागते, परवा तीच कोरडी. सीझनल म्हणायचं तर हिला म्हणा, काही आठवड्यांचा खेळ आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत राम राम.

आणि दुसऱ्या टोकाला आइस वाइन. घड वेलीवरच ठेवायचे, पक्ष्यांपासून जाळी लावून सांभाळायचे आणि खऱ्या थंडीची वाट बघायची. जर्मनीत उणे ७, कॅनडात उणे ८ डिग्री किंवा खाली गेलं तरच तोडायचं, बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे, आणि गोठलेले मणी तसेच प्रेसमध्ये. पाण्याचा बर्फ मागे राहतो, खाली थेंब थेंब पाकासारखा रस येतो. थंडी आलीच नाही तर? २०१९ च्या हंगामात जर्मनीत हेच झालं, हिवाळा इतका कोमट गेला की देशातल्या १३ पैकी एकाही वाइन प्रदेशात आइस वाइन झाली नाही. ज्यांनी घड राखून ठेवले त्यांचं काय झालं असेल ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. फ्रान्सच्या सोटर्न भागातल्या शातो दिकेम या वायनरीने २०१२ ची गोड वाइन काढलीच नाही, कारण मनासारखं पीक आलं नाही. तिथे मण्यावर एक ठराविक बुरशी चढावी लागते, ती मण्यातलं पाणी कमी करते, आणि सगळे मणी एकदम तयार होत नाहीत म्हणून एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या.

मुळात सीझनच सरकतोय त्याचं काय? फ्रान्समधल्या बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून नोंदलेल्या सापडतात, संशोधकांनी २०१८ पर्यंतची सगळी यादी तपासली तेव्हा दिसलं की १९८८ नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा जवळपास १३ दिवस आधी होतेय. १३ दिवस ऐकायला काहीच वाटत नाही, पण साखर आणि आंबटपणा यांची मघाशी सांगितलेली रस्सीखेच आठवा म्हणजे कळेल. लवकर तापलं की साखर पळत सुटते आणि बी अजून हिरवीच. मास्तर "अजून नाही" म्हणणार आणि ब्रिक्स म्हणणार "उशीर झाला". यावर लेखात एक ओळसुद्धा नव्हती.

मसाले घालून गरम करतात त्या हिवाळी वाइनवर मात्र अर्धा कॉलम दिलात. ठीक आहे, तिलाही जागा आहे, फक्त तुमच्या रेसिपीत "उकळी आणा" लिहिलंय ते काढा, अल्कोहोल ७८ डिग्रीलाच उकळतं, वाफा आल्या की गॅस बंद.

आता मुख्य तक्रार, आणि ही तुमच्यापेक्षा वाइन विकणाऱ्यांकडे जास्त आहे. मला एकदा भेट म्हणून रोझेची सुंदर बाटली मिळाली होती. मी शहाणा, जुनी झाली की आणखी चांगली होईल म्हणून कपाटात वर ठेवून दिली. पाच वर्षांनी पाहुण्यांसमोर ऐटीत उघडली तर रंग गंजलेल्या लोखंडाचा आणि चव कापून ठेवलेल्या सफरचंदाची. पाहुणे सभ्य होते, म्हणाले "वेगळी आहे". सेलरमध्ये तीन हंगाम काढलेल्या माणसाची ही गत, तर दुकानातून पहिल्यांदा बाटली नेणाऱ्याला काय कळणार की ही याच वर्षी प्यायची आहे आणि शेजारची दहा वर्षं ठेवली तरी चालेल? दोघींवर लेबल सारखंच ऐटदार. युरोपात वाइनला बेस्ट बिफोर तारीख छापायची सक्ती नाही, आणि एका अर्थी ते बरोबर आहे कारण चांगली वाइन त्या तारखेला मरत नाही. वर्ष छापलेलं असतं तेही तोडणीचं, आणि तिथल्या नियमात निदान ८५ टक्के द्राक्षं त्या वर्षाची असली की पुरतं. पण बाटलीत कधी भरली? ते नाही सांगत. टाकीत दोन वर्षं पडून मग भरलेली आणि तीन महिन्यांत भरलेली, बाहेरून दोन्ही एकच.

शॅम्पेनवाल्यांपैकी काही जण बाटलीतला गाळ कधी काढला ती तारीख मागच्या लेबलवर देतात, म्हणजे अशक्य काहीच नाही. बाकीच्यांनी नुसता तोडणीचा महिना, बाटलीत भरल्याचा महिना आणि "साधारण अमुक वर्षापर्यंत प्या" एवढ्या तीन गोष्टी बारीक अक्षरात दिल्या तरी पुष्कळ झालं. शब्दांची कविता कमी करा, जागा आपोआप निघेल. आणि तुम्हीसुद्धा पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक बाटलीपुढे या तीन गोष्टी विचारून घ्या, सांगितल्या नाहीत तर "विचारलं, सांगितलं नाही" असं छापा.

आपला,
पुरवणी शेवटच्या पानापासून वाचणारा एक वाचक

ता. क. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरून दुकानात परत नेऊ नका. ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार असतात, वाइन खूप गार झाली की खाली बसतात. मी पहिल्या हंगामात त्यासाठी अख्खी क्रेट बाजूला काढून ठेवली होती आणि मास्तरांनी ती परत जागेवर लावायला लावली, तीही जेवणाच्या सुट्टीत.