तुझे ग्लोव्ह्ज अजून माझ्याकडे आहेत

डिचोली, गोवा,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवता ठेवता तू आपल्या बॉक्सिंगबद्दल म्हणालास, "मी वायाच घालवलं रे सगळं," आणि लगेच माझ्या आईची तब्येत विचारलीस. मी तब्येतीचं सांगत बसलो आणि मुद्द्याचं राहून गेलं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, वीजही दोनदा गेली. आज बसून लिहूनच टाकतो.

तुझा डावा ठोसा काय होता हे तुला ठाऊक नाही. कारण तो तू कधी खाल्ला नाहीस. मी खाल्लाय, तीन वर्षं, जवळजवळ रोज. तुझा उजवा पाय माझ्या डाव्या पायाच्या बाहेर अलगद सरकायचा, एवढीच काय ती खूण. खांदा हलायचा नाही, डोळे बदलायचे नाहीत. मी पायाकडे बघायचा निश्चय करून उतरायचो, आणि पाय सरकलेला दिसेपर्यंत ठोसा लागून गेलेला असायचा. जोरापेक्षा त्यातली वेळ भयंकर होती. मी श्वास सोडला की नेमका तेव्हाच. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आपले सर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "ह्याला मी फक्त दमायचं कसं नाही ते शिकवू शकतो. बाकीचं तो घेऊनच आलाय."

आणि मग 2012 आलं. सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. तुमच्या अंगणात खनिजाचा ट्रक उभा राहिला तो राहिलाच, कर्जाचे हप्ते मात्र चालू. डिचोली-साखळीच्या रस्त्यावरची लाल धूळ दोन पावसांत धुऊन गेली. लोक म्हणाले, बरं झालं, श्वास तरी घेता येतो. खरंही होतं ते. पण ज्यांच्या घरी ट्रक उभा होता त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. तू सतरा वर्षांचा, 56 किलोच्या गटात खेळणारा, आणि दिवाळी व्हायच्या आत वेर्ण्याला कारखान्यात रात्रपाळी करायला लागलास. एकदा सकाळी पोदेर, आपला पाववाला, हॉर्न वाजवत चालला होता, त्या वेळी तू कामावरून उतरून तसाच हॉलवर आलास आणि बँडेज बांधता बांधता बाकावर झोपलास. अर्धं बँडेज मनगटाला, अर्धं जमिनीवर. सरांनी तुला उठवलं नाही. त्यांनी ते बँडेज हळूच गुंडाळून तुझ्या उशाला ठेवलं. तो तुझा शेवटचा सराव. ह्यात तू काय वाया घालवलंस, ते मला समजावून सांग.

ह्या 'वाया गेला' शब्दाचा मला फार राग आहे. मोठमोठ्या नावांनाही तो असाच चिकटवतात. मेल्ड्रिक टेलर आठवतो? आपण त्याची झुंज मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर पाहिली होती, थांबत थांबत. फिलाडेल्फियाचा पोरगा, 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी सुवर्ण. 17 मार्च 1990 ला लास वेगासमध्ये समोर हुलिओ सेझार चावेझ. अकरा राउंड टेलरचे हात चावेझपेक्षा दुप्पट वेगाने चालत होते. पण चावेझचा एकेक ठोसा हाडात उतरत होता. टेलरचा चेहरा सुजलेला, तो स्वतःचंच रक्त गिळत होता. तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो इतका पुढे होता की शेवटचा राउंड नुसता पळून काढला असता तरी जिंकला असता. पण कॉर्नरमधून, त्याच्याच प्रशिक्षकांनी, त्याला सांगितलं, हा राउंड तुला हवाच आहे. गेला बिचारा भिडायला. शेवटच्या क्षणांत खाली पडला, उठला. रेफ्री रिचर्ड स्टीलने विचारलं, ठीक आहेस ना? त्याने उत्तर दिलं नाही, मान वळवून आपल्या कॉर्नरकडे बघितलं. झुंज थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते.

सगळे त्या दोन सेकंदांवर भांडतात. मला ती वळलेली मान दिसते. तेवीस वर्षांचा मुलगा, जीव जायची वेळ आलेली, आणि तो आपल्या माणसांकडे बघतोय. पुढच्या वर्षी त्याने आणखी एक जागतिक किताब जिंकला, पण पहिला टेलर परत आला नाही. पुढे त्याचं बोलणंसुद्धा जड झालं. दोष रेफ्रीचा नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. चुकलं ते कॉर्नरमधल्या स्टुलाशेजारी, त्याला चुकीचं सांगणाऱ्यांचं.

ग्रेग पेजचं तर ऐकवत नाही. 1984 मध्ये हेवीवेटचा जागतिक विजेता झालेला माणूस. जाडा, आळशी, गुणांची माती केली, असं त्याच्याबद्दल किती लिहिलं गेलं. मार्च 2001 मध्ये, बेचाळीसाव्या वर्षी, केंटकीमधल्या एका लहानशा हॉलमध्ये दीड हजार डॉलरसाठी उतरला. मेंदूत रक्तस्राव झाला. तिथे ऑक्सिजन नव्हता, रुग्णवाहिका नव्हती. उरलेली आठ वर्षं खुर्चीत आणि अंथरुणात गेली.

आपल्याकडचंच बघ. विकास कृष्णनने लंडनमध्ये 2012 ला एरोल स्पेन्सला 13-11 हरवलं. पोरगा जिंकून झोपायला गेला असेल, आणि काही तासांनी अपिलात निकाल फिरला. स्पेन्स पुढे व्यावसायिक रिंगणात जगज्जेता झाला. विकासला त्यानंतरच्या दोन ऑलिम्पिकमध्येही पदक मिळालं नाही. 2012 च्याच डिसेंबरात आपला राष्ट्रीय बॉक्सिंग महासंघच निलंबित झाला, आणि 2013 ची जागतिक स्पर्धा आपल्या खेळाडूंना तिरंग्याशिवाय खेळावी लागली. त्या काळात ऐन अठरा-एकोणीस वर्षांची किती पोरं असतील देशभर! गुण काही थांबून राहत नाहीत रे. कैरीसारखं असतं ते, त्या दिवसांत उतरवलं तर उतरवलं.

आणि डिंको सिंग. अनाथाश्रमात वाढलेला मणिपूरचा मुलगा. 1998 च्या एशियाडला आधी संघातूनच वगळलेला. मागाहून घेतला, तर बँकॉकमध्ये उपांत्य फेरीत थायलंडच्याच खेळाडूला त्याच्या लोकांसमोर हरवलं आणि सुवर्ण घेऊन आला. त्यालाही ऑलिम्पिक पदक मिळालं नाही. 2021 मध्ये कर्करोगाने गेला, अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी. पण मेरी कोमने ग्लोव्ह्ज घातले ते ह्याला पाहून. त्याच्या आयुष्यातलं हे पान लोक शेवटी लिहितात. मी असतो तर पहिलं लिहिलं असतं.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहितोय ते. हॉलवर एक मुलगी येते, मये गावची, पंधरा वर्षांची. वडील खनिजाच्या बार्जवर होते, आता मिळेल ते करतात. तुझ्यासारखीच डावखुरी आहे. मला उजव्यांनाच शिकवता येतं म्हणून मी सहा महिने तिला उलटी उभी केली आणि तिचं नुकसान केलं. मागच्या आठवड्यात पॅडवर काम करताना ती थकली, विसरली आणि आपसूक आपल्या बाजूला वळली. उजवा पाय माझ्या पायाच्या बाहेर सरकला. मी श्वास सोडत होतो. पॅड हातातून उडालं. मी हॉलबाहेर जाऊन थोडा वेळ पागोळ्यांखाली उभा राहिलो.

तिला मी काय सांगू? पाय ठेवल्यानंतर पुढे काय, कोन कसा घ्यायचा, उजव्या हाताने समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, कसा दाबून ठेवायचा, हे मला अंगाने माहीत नाही. मी फक्त समोरून पाहिलंय. आणि तिच्या घरच्यांशी बोलायलाही तूच हवास. हप्ता थकला की घरात काय होतं ते त्यांना मी सांगायची गरज नाही, पण त्यातून गेलेल्या माणसाचं ते ऐकतील. सकाळचं दूध, अंडी आणि मडगावला स्पर्धेला जायचा खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतलाय, तेवढं कळव त्यांना.

तुझे ग्लोव्ह्ज माझ्याकडेच आहेत. पावसात बुरशी धरते म्हणून दर आठवड्याला आतला वर्तमानपत्राचा कागद बदलतो. डाव्याची अंगठ्याजवळची शिवण उसवली होती, म्हापशाच्या चांभाराकडून शिवून घेतली. तिने विचारलं, कुणाचे? मी म्हटलं, येतील ते चवथीला.

चवथीची सुट्टी दोन दिवस वाढवून घे. आरत्या आटोपल्या की सकाळी सहाला हॉलची किल्ली घेऊन मी तुझ्या दारात उभा असेन.

तुझाच,
समोर उभा राहिलेला