५ नंबरवर रुमाल टाकणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

तुम्ही सांगली सोडून मुलाकडे राहायला गेलात एवढंच कळलं. पत्ता कुणाकडेच मिळेना, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. कुणीतरी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझ्या जुन्या कंप्युटरचं कॅबिनेट निघालं. भंगारवाल्याला द्यायच्या आधी झाकण काढलं, तर आतल्या पत्र्यावर तुमची चिठ्ठी तशीच चिकटलेली. वहीचा आडवा कागद, निळं बॉलपेन, कंप्युटरच्या भागांना मिळणारे ० ते १५ नंबर आणि प्रत्येकापुढे तुमचं बारीक अक्षर. १ कीबोर्ड. ६ फ्लॉपी. १२ माउस. १४ हार्डडिस्क. ५ ला मात्र दोनदा गोल.

आठवतंय का? १९९९ ची दिवाळी नुकतीच झाली होती. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मला कंप्युटरवर चढवायची होती. चढवली, वाजवायला गेलो, तर 'पहिली माझी ओ' इथवर यायचं आणि पुढे नुसतं 'ओ-ओ-ओ-ओ', रीसेट दाबेपर्यंत. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "माझं जातं अडकलं का रे?"

दुकानदार म्हणाला साउंड कार्ड, म्हणजे आवाज काढणारं कार्ड, गेलं. त्याने दुसरं तसलंच कार्ड लावून पाहिलं, तेही अडकलं. मग म्हणाला, मदरबोर्ड गेला. मदरबोर्डाची किंमत ऐकून वडिलांनी मला पोतं, झेरॉक्स आणि तुम्ही यातलं एक निवडायला सांगितलं. म्हणजे मशीन पोत्यात घालून ठेव, ओव्या कागदावर उतरवून झेरॉक्स काढ, नाहीतर गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांना विचार. मला खरं तर शंका होती. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला विंडोज ९८ मधलं काय कळणार?

तुम्ही स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाहीत. पहिला प्रश्न केलात, "आवाज बिघडायच्या आधी घरात नवीन काय आणलंस?" मी म्हटलं, काही नाही. मग आठवलं, दोन दिवस आधी नेटसाठी मोडेम बसवला होता, नव्या पीसीआय खाचेत बसणारा. पण मोडेम तर झकास चालत होता, त्याचा आवाजाशी काय संबंध? तुम्ही हसलात फक्त.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंप्युटरवर डबल-क्लिक करून तुम्ही आयआरक्यूंची, म्हणजे कुठला भाग प्रोसेसरला कुठल्या नंबरची घंटी मारतो त्याची, यादी उघडलीत आणि एकेक ओळ मला लिहून घ्यायला लावलीत. माझं अक्षर बघून कागद काढून घेतलात आणि स्वतःच लिहिलंत. ५ वर साउंड कार्ड, ५ वरच मोडेम.

पुढचं तुमच्याच शब्दांत लिहितो, कारण इंजिनीअरिंगला गेल्यावरही मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही. "कार्ड मेमरीतला आवाजाचा एक तुकडा स्वतःच उचलून वाजवतं. तो संपला की ५ नंबरची घंटी मारतं, पुढचा दे म्हणून. घंटी पोचलीच नाही तर ते बिचारं काय करणार? तोच तुकडा पुन्हा वाजवतं. म्हणून आजी ओ वर अडकली." आणि घंटी का पोचत नाही, तर, "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा या जुन्या कार्डाने जंपर, म्हणजे पिनांवरची बारकी टोपी, लावून ५ वर रुमाल टाकलाय. पण मदरबोर्ड म्हणजे कंडक्टर. त्याला रुमाल दिसत नाही, आरक्षणाचा कागद दिसतो. पीसीआयवाले आपलं नाव सांगतात, हे जुन्या आयएसए खाचेतलं कार्ड मुकं आहे. त्याने सीट रिकामी समजून मोडेमला देऊन टाकली."

मी लगेच म्हटलं, जंपर काढून १० वर लावू. चालेल म्हणालात, "पण तुझे डॉसचे गेम ५ नाहीतर ७ शिवाय तोंड उघडणार नाहीत, आणि ७ वर प्रिंटर बसलाय." गेमचं तुम्हाला कसं कळलं, हे मी वडिलांसमोर विचारलं नाही.

मग मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची सेटिंग, उघडलंत. पीएनपी-पीसीआयच्या पानावर ऑटोचं मॅन्युअल केलंत आणि आयआरक्यू ५ समोर 'लेगसी आयएसए' निवडलंत, म्हणजे ५ ची सीट जुन्या कार्डासाठी राखलीत. एफ १०, वाय, एंटर. मोडेम मुकाट्याने ११ वर जाऊन बसला. आजीची ओवी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली, मध्ये कॅसेटची खरखर आली तीसुद्धा गोड लागली.

दोन संध्याकाळी बसलात आणि पन्नास रुपये घेतलेत. एकही पार्ट बदलला नाही आणि पन्नास कसले, असं मी तेव्हा घरी बोललो होतो. तुमच्या कानावर गेलं असेल तर माफ करा. आज मी लोकांची यंत्रं लावतो, आणि एकही पार्ट न बदलता काम झालं की बिल कसं करायचं हे मला अजून जमत नाही.

आजी आता नाही. ओव्या आहेत, फाइल चार कंप्युटर फिरून माझ्या फोनमध्ये आली आहे. भेटलात की ऐकवतो.

कॅबिनेट भंगारात गेलं, चिठ्ठी काढून घेतली. ९ च्या पुढे तुम्ही 'मोकळा, ठेव कधीतरी' असं लिहिलंय. तिथे मी शेवटपर्यंत काहीच लावलं नाही.

आपला,
कोपऱ्यावरच्या घरातला धाकटा